खानदानी सेटी आणि आमची बैठक

मागच्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासिकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पोराने फोटो टाकला. तिरपे पाय, वेताच्या जाळीची पाठ, तीन माणसं ऐसपैस बसतील अशी सागवानी सेटी. फोटोखाली लिहिलं होतं, 'व्हिंटेज मिड-सेंचुरी, किंमत 58 हजार'. आणि त्याखाली त्याचा प्रश्न : 'आपल्या हॉलमध्ये अशी एक पाहिजे ना?'

आपल्याकडे सेटी म्हणजे बहुतेक घरांत खाली कपड्यांचा खण असलेला दिवाण. ही तशी नव्हती. ही बड्या घराच्या दिवाणखान्यातली, पाहुण्याने पायावर पाय टाकून बसावं अशी बैठक होती. ग्रुपवर तासाभरात तीन पक्ष पडले. एक म्हणाला, नवा सोफा घ्या, हप्त्यावर मिळतो. दुसरा म्हणाला, प्लास्टिकच्या 20 खुर्च्या घ्या, विषय संपवा. तिसऱ्याला व्हिंटेजच हवं होतं. तिसऱ्या पक्षातली बहुतेक पोरं पुण्यात शिकून आलेली, हे मुद्दाम सांगावं लागेल.

लोहारा हे यवतमाळला लागून, दारव्हा रोडवरचं एमआयडीसीचं गाव. विहाराच्या बाजूच्या खोलीत आमची अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी पोरं-पोरी तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. त्यांच्यासाठी टेबल-खुर्च्या कशाबशा जमल्या. पण वर्तमानपत्र वाचायला येणारी म्हातारी माणसं भिंतीला टेकून फरशीवर बसायची आणि उठताना दुसऱ्याचा हात मागायची. त्यांच्यासाठी बैठक घ्यायची होती. जयंतीच्या जमाखर्चातून उरलेले आणि वर्गणीचे मिळून 22 हजार हातात होते. एवढ्यावर वाद संपायला हवा होता. पण वाद किमतीचा राहिला नाही, म्हणून हा लेख लिहावा लागला.

'मिड-सेंचुरी' म्हणजे शतकाचा मध्य. सजावटीच्या बाजारात या शब्दाचा अर्थ साधारण 1945 ते 1965 या काळातलं फर्निचर. कमी नक्षी, सरळ रेषा, बारीक पाय. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात गेलात तर हा शब्द दुकानदारांच्या तोंडी सर्रास ऐकू येईल. आता आपण स्वतःला विचारू की आपल्या समाजाचा शतकाचा मध्य कोणता? 26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झालं आणि कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 मध्ये अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम आला, म्हणजे अस्पृश्यता पाळणं हा शिक्षेचा गुन्हा ठरला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्या दिवशी नागपूर आणि आपलं यवतमाळ दोन्ही मध्य प्रदेश राज्यात होते. मुंबई राज्यात आलो ते त्यानंतर अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला. म्हणजे ज्या दशकात त्या सेटीचे पाय तिरपे होत होते, त्याच दशकात आपला माणूस कायद्याने ताठ उभा राहत होता. तो त्या सेटीवर बसू शकत होता का, एवढाच प्रश्न उरतो. उत्तर आपल्या आजोबांना विचारा. आमच्या आजोबांनी सालदारकी केली. मालकाच्या ओसरीची पायरी ही त्यांची हद्द होती, 1955 च्या आधीही आणि नंतरही.

तरी आम्ही ठरवलं, आधी वस्तू बघू, मग भांडू. समाजशास्त्र शिकल्याची एवढी तरी खोड राहिली आहे.

यवतमाळात एक जण जुने वाडे पाडायचं कंत्राट घेतो आणि त्यातला माल विकतो. त्याच्या गोदामात आम्ही चौघे गेलो. दारं, चौकटी, झुल्याच्या कड्या, कचेरीतल्या हात असलेल्या खुर्च्या, एक मोडकी आरामखुर्ची, आणि कोपऱ्यात पोत्याखाली एक सेटी. फोटोतल्या सेटीची सख्खी बहीणच. पाठीची जाळी फाटलेली, बैठकीची जाळी पार गेलेली, एका हातावर पेल्याचा गोल पांढरा डाग.

"दारव्ह्याकडच्या मोठ्या वाड्यातली हाये. खानदानी माल," दुकानदार म्हणाला. "चौदा हजार."

खरेदीला जाणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबतो, कारण ही माहिती पैसे वाचवते. जुनी सेटी बघताना आधी ती उलटी करा. वरून पॉलिश कोणीही करतो, खालच्या बाजूला कोणी लक्ष देत नाही. खाली करवतीच्या खुणा, हाताने मारलेल्या रंध्याचे किंचित उंच-सखल पट्टे दिसले तर काम जुनं. स्क्रू असतील तर डोकं बघा. एका सरळ खाचेचे असतील तर बरं लक्षण, फुलीच्या खाचेचे असतील तर निदान दुरुस्ती तरी नवी. चांगल्या कामात खिळा जवळजवळ नसतोच, लाकडात लाकूड बसवलेलं असतं. दोन्ही हातांनी धरून आडवी हलवा. कुरकुरली तर सांधे सुटलेत, ते बसवता येतात. पण पायाच्या मुळाशी चीर असेल तर सोडून द्या. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, बाहेरच्या फिकट भागाला लागते. म्हणून फिकट पट्टा कुठे आहे ते शोधा आणि तिथे नख रोवून बघा. बारीक भोकं दिसली तर ठोकून बघा. ताजी पूड पडली तर किडा अजून आत आहे.

आमच्यातला एक जण सुतारकाम करतो. त्याने सुटलेल्या सांध्यातून काचेसारखा पिवळसर तुकडा नखाने काढला आणि म्हणाला, "सरस आहे. फेविकॉल नाही."

फेविकॉल बाजारात आला 1959 मध्ये. त्याआधी सुतार सरस वापरायचे. सरस म्हणजे जनावराची कातडी, हाडं, शिरा उकळून काढलेला डिंक. तो गरम करावा लागायचा आणि त्याचा वास सुटायचा. आता हे जनावर कोणी ओढलं, कोणी सोललं? या लेखाच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. ज्यांनी ते ओढलं त्यांना गावाने त्याच कामासाठी विटाळ ठरवलं, आणि त्याच कातड्याच्या डिंकाने चिकटवलेल्या सेटीवर गाव बिनधास्त बसलं. सरसाला विटाळ नव्हता, सरस पुरवणाऱ्याला होता. मार्च 1927 च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडायला सांगितलं, ते आपण भाषणात नेहमी सांगतो. पण त्या कातड्याचा शेवट कुठल्या दिवाणखान्यात झाला, हे आम्ही तरी त्या गोदामात पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं.

आणि हे फक्त सरसापुरतं नाही. यवतमाळच्या जंगलातला साग तोडायला, ओढायला गोंड आणि कोलाम लागले. पाठीची जाळी विणायला बुरूड लागला, जो महाराष्ट्रात आपल्यासारखाच अनुसूचित जातीच्या यादीत आहे. गादीचा कापूस आमच्याच शेतमजुरांनी वेचला आणि पिंजाऱ्याने पिंजला. घडवणारा सुतार, तोही गावाच्या बलुत्यावर जगणारा. या सगळ्यांतल्या एकालाही ती पूर्ण झाल्यावर तिच्यावर बसायचं आमंत्रण नव्हतं. दुकानदार मात्र तिला 'खानदानी' म्हणतो, आणि खानदान म्हणजे त्याच्या मते फक्त बसणाऱ्याचं.

हा दोष एकट्या यवतमाळच्या दुकानदाराचा नाही. चंदीगड शहर उभं राहिलं तेव्हा ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे याच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या बनल्या. पुढे त्या जुन्या झाल्या, ढिगाने भंगारात निघाल्या, कवडीमोलाने लिलावात गेल्या. आज त्याच खुर्च्या परदेशी लिलावांत लाखो रुपयांना विकल्या जातात. नाव जानरेचं राहिलं. ज्या कारागिरांनी ती लाकडं कापली आणि जाळ्या विणल्या त्यांचं नाव कुठल्या चिठ्ठीवर असतं?

त्याच काळातली आणखी एक गोष्ट. 1958 मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारला डिझाइनवर अहवाल दिला, त्याच्या आधारावर पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 मध्ये सुरू झाली. त्या अहवालात आपल्या लोट्याचं मोठं कौतुक आहे. लोटा हातात कसा बसतो, कमरेवर कसा राहतो, किती पाणी मावतं, ओतताना कसा वाकतो, सगळा विचार केलाय. कौतुक खोटं नाही. पण तो लोटा कोणाला शिवू दिला जात नव्हता, हा प्रश्न त्या कौतुकात येत नाही. वस्तूचा आकार दिसतो आणि तिच्याभोवतीचं अंतर दिसत नाही, असं डिझाइनवाल्यांचं अनेकदा होतं. आम्ही हे रागाने लिहीत नाही. त्या जोडप्याने बघितलं तेवढंही आपल्या देशातल्या बऱ्याच शिकलेल्यांनी बघितलं नव्हतं.

बसण्याचा इतिहास लिहायचा तर आपल्याकडे तो गोणपाटापासून लिहावा लागेल. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी सांगितलंय की साताऱ्याच्या शाळेत त्यांना वर्गात वेगळं, कोपऱ्यात बसावं लागे आणि बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावायचा नाही, म्हणून तो रोज घरी परत आणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायचा. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत जाऊन आलेल्या माणसाची पहिली बैठक ही. तिला कोणी व्हिंटेज म्हणणार नाही.

आणि कोणी म्हणेल, हे जुनं झालं, तर फार मागे जायला नको. ऑक्टोबर 2020 मध्ये तमिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यातला एक फोटो देशभर फिरला. तेर्कू तिट्टै गावच्या पंचायत अध्यक्ष, दलित महिला, बैठकीत जमिनीवर बसलेल्या आणि बाकीचे खुर्च्यांवर. 2019 मध्ये उत्तराखंडच्या टिहरी जिल्ह्यात एक दलित तरुण लग्नात खुर्चीवर बसून जेवत होता म्हणून त्याला मारहाण झाली, अशी तक्रार घरच्यांनी केली. काही दिवसांनी तो रुग्णालयात वारला. खुर्ची ही या देशात नुसती खुर्ची नसते. ज्यांना ती कधी नाकारली गेली नाही, त्यांनाच ती नुसतं डिझाइन वाटते.

म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीबद्दल आमचं मत बदललं. पुण्याहून आलेली पोरं तिला हसतात. पण आठवा, आपल्या वस्त्यांत खुर्ची आली ती कोणती? लाकडी नाही, वेताची नाही. प्लास्टिकची. हलकी, धुता येणारी, एकावर एक रचता येणारी, जयंतीच्या मंडपात शंभर-शंभर मांडता येणारी. तिच्यावर कोणाच्या आजोबाचा हक्क नव्हता आणि कोणाच्या आजोबाची आठवण नव्हती. पाहुणा आला तर तीच, तलाठी आला तर तीच, मयताला तीच. समतेची बैठक आपल्या दारात कारखान्यातून आली, हे सौंदर्यवाल्यांना पटो न पटो.

मग सेटी कशाला घ्यायची? रविवारी वंदनेनंतर बैठक घेतली तेव्हा हाच प्रश्न आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याने विचारला, आणि आमच्यापेक्षा नेमका विचारला. "महाडला उष्टं सोडायला सांगितलं. आता त्यांची उष्टी बैठक आपण विहारात आणायची?"

खोली शांत झाली. हे उत्तर सहज उडवून लावण्यासारखं नव्हतं. आम्ही म्हणालो, उष्टं हे दिलेलं असतं, ते घेताना हात खाली असतो. इथे आपण पावती घेऊन विकत घेणार. आणि ज्या लाकडाला गोंड-कोलामांचे हात, ज्या सांध्याला आपल्या लोकांचं कातडं, ज्या जाळीला बुरडाची बोटं लागली, त्या वस्तूला 'त्यांची' का म्हणायचं? बनवली आपण, बसले ते. आता बसायची पाळी आपली. टाळ्या पडल्या. पण कार्यकर्ता हलला नाही. म्हणाला, "भाषण चांगलं आहे. पण पैसे तर वाड्याच्याच साखळीत गेले ना?" तेही खरंच होतं.

शेवटी तोडगा काढला तो भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीने. त्यांनी तरुणपणी अशाच एका वाड्याचं अंगण वर्षानुवर्षं शेणाने सारवलं होतं. "तो वाडा हा नसन, पन तसाच होता," त्या म्हणाल्या. "आत बंगई होती, खुर्च्या होत्या. मी अंगनातून पाहाची. आत नाई गेली कधी. पन लाकडाले काय म्हनता तुमी? लाकूड काय म्हने, खाली बस? मानूस म्हने. माह्या गुडघ्याले दुखते, काई तरी आना लवकर."

आम्ही पुन्हा गोदामात गेलो. दुकानदार पुन्हा वाड्याचं सांगू लागला. आम्ही म्हणालो, "दादा, खानदान वजा करून भाव सांगा. लाकडाचा सांगा." तो आधी बघत राहिला, मग हसला. साडेनऊ हजारांत सौदा झाला. आमच्या हिशेबाने साडेचार हजार रुपये नुसत्या खानदानाचे होते.

आता ज्या भागाबद्दल लिहायला संकोच वाटतो तो भाग. सांधे आमच्या सुतार मित्राने मजुरी न घेता बसवले, चपडा लाख आणि स्पिरिटचं पॉलिशही त्यानेच केलं. जाळी विणायला यवतमाळचे एक बुरूड काका आले. वेताची तयार जाळी पत्र्यासारखी विकत मिळते, ती खाचेत ठोकली की तासाभरात काम होतं. पण आमच्या सेटीच्या चौकटीला कडेने भोकं होती, म्हणजे ती हाताने विणायची होती. काकांनी वेत पाण्यात भिजत घातला, विहाराच्या ओट्यावर मांडी घालून बसले आणि भोकातून भोकात पट्टी ओढत गेले. उभे पदर, आडवे पदर, मग तिरपे. पाठ आणि बैठक मिळून पाच दिवस लागले. त्यांनी साडेचार हजार सांगितले होते.

आणि आम्ही घासाघीस केली. आम्हीच. एका पोराने मोबाइलवर तयार जाळीचा भाव दाखवला, दुसरा म्हणाला की समाजाचं काम आहे, काका, थोडं समजून घ्या. काका म्हणाले, "बरं, चार द्या." आम्ही खूश झालो. ज्याने वाडा पाडला त्याच्याकडून खानदान वजा करून घेतलं याचा अभिमान वाटत होता, आणि ज्याने जाळी विणली त्याच्याकडून पाचशे रुपये वजा करून घेतले याचाही अभिमान तेवढाच. रात्री हिशेबाची वही लिहिताना दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या तेव्हा पेन थांबलं. 'समाजाचं काम' म्हणालो, पण कोणत्या समाजाचं? काकांची पोरं आमच्या अभ्यासिकेत येतात का, हे पाच दिवसांत आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. पाच दिवस ते ओट्यावर बसून जेवले. आत चला म्हणालो होतो, ते नको म्हणाले, हातातलं काम वाळतं म्हणाले. आम्ही दुसऱ्यांदा म्हणालो नाही. आमच्या आजोबांना पायरीवर ठेवणाऱ्यांनी निदान पहिल्यांदाही म्हटलं नसेल, पण आम्हाला दुसऱ्यांदा म्हणायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी पाचशे रुपये घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी घेतले, फार बोलले नाहीत. निघताना मुलीबद्दल विचारलं. बारावी झाली होती, नर्सिंगचं बघत होती. अभ्यासिकेची वेळ सांगितली. ती अजून आलेली नाही. लोहारा लांब पडतं, किंवा आमच्यावर विश्वास नाही. दोन्ही शक्य आहे. त्यांच्या वस्तीच्या जवळ संध्याकाळचे दोन तास एखादी खोली मिळते का, ते आता बघतोय.

सेटी खिडकीखाली ठेवली. पुण्याच्या पोरांनी तिचे फोटो काढले, प्रत्येक कोनातून. पाठीवर एक छोटी पट्टी लावायचा ठराव झाला, तिच्यावर फक्त खर्च लिहिला : सेटी 9,500, विणकाम 4,500, पॉलिशचं सामान 700. 'व्हिंटेज' हा शब्द लिहायचा प्रस्ताव दोन मतांनी पडला. उरलेल्या पैशांतून प्लास्टिकच्या सहा खुर्च्या आणि ट्यूबलाइट घेतली.

पहिल्या दिवशी आजींना हाताला धरून सेटीवर बसवलं. सगळे बघत होते. त्यांनी जाळीवर हात फिरवला, मागे टेकल्या, पेपर उघडला. दहा मिनिटांनी हाक मारली.

"बाप्पा, हे खोल हाये लय. पाय टेकत नाई माहे. मले ते पलाश्टिकची दे."

आम्ही खुर्ची आणून दिली. सेटीवर आता पोलीस भरतीची पोरं दुपारी आडवी होतात.